कुरवंजीचा हात

मराठीतील ‘पडदा’ हा शब्द मोठा सोशिक आहे. रंगमंचावर असतो तोही पडदा आणि चित्रपटगृहातील पांढरे कापड तेही पडदाच. आता शाळकरी मुलाच्या तळहातावर मावणाऱ्या काचेलाही तेच नाव मिळाले आहे. लग्नात वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपाट हाही पडद्याचाच एक भाऊबंद. दोघांनी एकमेकांना पाहू नये म्हणून तो धरतात. परंतु त्याचे खरे प्रयोजन तो दूर होण्याच्या क्षणी सिद्ध होते. तमिळनाडूतील तेरुक्कूत्तु ह्या लोकनाट्यात मुख्य पात्राच्या प्रवेशाच्या वेळी दोन माणसे कापडाची दोन टोके हातांत धरून उभी राहतात. कापडाच्या वर मुकुट दिसतो, खाली चाळ बांधलेली पावले दिसतात, मागून गाणे ऐकू येते. आणि प्रेक्षकांची उत्कंठा पुरेशी ताणली गेली की कापड बाजूला होते. हा पडदा कुठल्याही खांबाला बांधलेला नसतो. तो माणसांच्या हातांत असतो, आणि म्हणून कधी धरायचा व कधी सोडायचा हे त्या हातांना ठाऊक असते.

शाळेतील नाट्यवर्गात नव्या तंत्रसाधनांचे स्थान कोणते, ह्या प्रश्नाचा विचार करताना हा हातांतील पडदा सारखा आठवत राहतो. हा प्रश्न अगदी आजचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वी बरोबर नाही. मराठी भाषेने हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एकदा सोडवून पाहिला होता, आणि तोही महाराष्ट्रापासून दूर, तमिळ प्रदेशात. त्या प्रयत्नाची सुरुवात ज्या मुलापासून झाली त्याचे काही शिक्षण ज्या गावात झाले, ते गाव म्हणजे आजचे चेन्नई.

१७९३ साली तंजावरच्या राजघराण्यातील एका सोळा वर्षांच्या मुलाला मद्रासला आणण्यात आले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्याला दत्तक घेतले होते. परंतु गादी त्याचा चुलता अमरसिंह ह्याच्याकडे गेली, आणि तंजावरात त्या मुलाच्या जिवाला व शिक्षणाला धोका आहे असे त्याच्या हितचिंतकांना वाटू लागले. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हे जर्मन धर्मोपदेशक त्याचे पालकगुरू होते. त्यांचे सहकारी गेरिके ह्यांच्या देखरेखीखाली मद्रासमध्ये त्याचे पुढील शिक्षण झाले. हा मुलगा म्हणजे पुढे १७९८ मध्ये गादीवर आलेले दुसरे सरफोजी राजे. समुद्रकाठच्या त्या व्यापारी नगरीत त्यांनी काय काय पाहिले असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. बंदरात दूरदेशीची गलबते येत होती, आणि दूरदेशांचे नकाशे व पुस्तके त्यांच्याबरोबर येत होती. पृथ्वी आपल्या पुराणांत वर्णिली आहे त्याहून निराळ्या आकाराची आहे, ही वार्ता त्या बंदरात हवेतच होती.

गादीवर बसल्याच्या पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, सरफोजींच्या हातून राज्यकारभार गेला. त्यांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती आणि त्याच्या निकटच्या परिसरापुरती उरली. ज्याला राज्य करायला भूमी उरली नाही तो राजा विद्येकडे वळला, असे सरफोजींविषयी नेहमी म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह अफाट वाढविला. ‘नवविद्या कलानिधी’ ह्या नावाने नव्या विद्यांचे अध्यापन आणि मुद्रण सुरू केले. देवनागरी टंकांच्या त्या छापखान्यातून १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूपांतर छापून निघाले. मुंबई-पुण्याकडे मराठी छापील पाठ्यपुस्तकांचे युग सुरू होण्यापूर्वीची ही घटना आहे. तंजावरजवळच्या ओरत्तनाड येथील छत्रात प्रवाशांना जसे अन्न मिळे, तशी मुलांना अन्नाबरोबर विद्याही मिळे. छापखाना, नकाशा आणि नव्या भूगोलाची पुस्तके ही त्या काळची नवी तंत्रसाधने होती, आणि ती शाळेत कशी आणावीत हा प्रश्न सरफोजींपुढे होता.

ह्या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर नाटकाच्या रूपाने शिल्लक आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक. इंद्राची पत्नी इंद्राणी हिला एक कुरवंजी भेटते आणि तिला पृथ्वीची हकीकत सांगते. खंडे, देश, नगरे ह्यांची ती नावे घेते. परंतु हा भूगोल सप्तद्वीपांचा आणि क्षीरसागराचा भूगोल नाही. तो युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका ह्या खंडांचा भूगोल आहे. इंद्रलोकातील श्रोत्री आणि नव्या नकाशातील पृथ्वी, असा हा विलक्षण संयोग आहे.

येथे सरफोजींनी कुरवंजीच का निवडली, हे पाहण्यासारखे आहे. कुरवंजी हा दक्षिणेकडील जुना नाट्यप्रकार. नायिका देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहते, त्याच्या प्रेमात पडते आणि विरहाने झुरू लागते. अशा वेळी डोंगरातून कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, येते. ती प्रथम आपल्या डोंगराचे वर्णन करते, आपण हिंडलेल्या मुलखांची नावे सांगते, मग नायिकेचा हात हातात घेते, त्यावरील रेषा वाचते आणि तिचे मीलन होणार असल्याचे भाकीत करते. तंजावरच्या राजवाड्याला हा प्रकार चांगला परिचित होता. स्वतः सरफोजींना नायक कल्पून रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ रचना बृहदीश्वराच्या देवळात नाचली जात असे. तेव्हा देशोदेशींची नावे घेणे हे कुरत्तीच्या तोंडी मुळातच शोभणारे होते. भूगोल सांगण्यासाठी सरफोजींना नवे पात्र घडवावे लागले नाही. ज्या स्त्रीचे पाय रस्त्याने झिजले आहेत, तिच्याच तोंडी त्यांनी नकाशा घातला.

मराठी वाचकाला ही युक्ती अनोळखी वाटू नये. एकनाथांनी आपल्या भारुडांतून जोशी, पिंगळा, वासुदेव ह्यांना उभे केले, ते ह्याच जाणिवेने. दारोदार हिंडणाऱ्याचे शब्द लोक कान देऊन ऐकतात; कारण तो कुठून तरी आलेला असतो आणि कुठे तरी जाणार असतो. ज्ञान स्थिर असले तरी ते सांगणारा चालता असावा, अशी ही दृष्टी आहे. एकनाथांनी ती अध्यात्मासाठी वापरली, सरफोजींनी भूगोलासाठी.

‘देवेंद्र कुरवंजी’ला श्रेष्ठ नाट्यकृती म्हणता येणार नाही. तंजावरच्या मराठी नाटकांची परंपरा तिच्या शतकभर आधीची. शहाजी राजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ सतराव्या शतकाच्या अखेरचे, म्हणजे सांगलीतील १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’हून सुमारे दीडशे वर्षांनी जुने. त्या परंपरेतील रंगतदार नाटकांशी तुलना केली, तर सरफोजींच्या ह्या नाटकात नावांचा भरणा फार आणि संघर्ष अल्प आहे, हे मान्य करावे लागते. नवे साधन हाती आले की त्यातील सारे काही सांगून टाकण्याचा मोह होतो, आणि नाटक यादीच्या भाराखाली वाकते. हा दोष आजच्या शाळेतही नित्य दिसतो. तरीसुद्धा एक गोष्ट सरफोजींनी सोडली नाही. त्यांनी नकाशा भिंतीवर टांगून पात्राला बाजूला सारले नाही. सांगणारी एक, ऐकणारी एक, आणि दोघींमध्ये हात धरण्याएवढेच अंतर, ही कुरवंजीची मांडणी त्यांनी स्वीकारली.

कुरवंजी पुढेही जगली. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये मद्रासला स्थापन केलेल्या कलाक्षेत्र संस्थेने १९४४ साली ‘कुट्राल कुरवंजी’ रंगमंचावर आणली, आणि देवळातील व दरबारातील हा प्रकार आधुनिक नगराच्या सभागृहात आला. १९७७ मध्ये ना. मुत्तुस्वामी ह्यांनी स्थापन केलेल्या ‘कूत्तुप्पट्टरै’ ह्या नाट्यसंस्थेने तेरुक्कूत्तुची शरीरभाषा शहरी नटांच्या अंगी बाणविण्याचा प्रयत्न केला. अशा नगरीत शाळेतील नाट्यशिक्षकाला परंपरेची वाण पडू नये. पण मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली, आणि परंपरेने ज्याचा कधी विचारच केला नव्हता असा प्रसंग तिच्यापुढे उभा राहिला.

चेन्नईतील एखादा सहावीचा वर्ग येथे उदाहरणादाखल कल्पावा. नाट्याच्या तासाला ‘कुरवंजी’ बसवायची आहे. चाळीस मुले, चाळीस घरे. कुणी अड्यारच्या सदनिकेत, कुणी रोयापुरमच्या एका खोलीत. एका बाजूला शिजणाऱ्या कुकरची शिट्टी, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या कार्यालयाची बैठक. झूमची विनामूल्य सामूहिक बैठक चाळीस मिनिटांत आटोपते, आणि योगायोगाने शाळेचा तासही साधारण तेवढाच असतो. त्या तासाचा पहिला शब्द ठरलेला: ‘केक्कुदा?’ म्हणजे, ऐकू येते आहे का? प्राचीन नाट्य नांदीने सुरू होत असे. त्या दिवसांत चेन्नईतील वर्ग ह्या प्रश्नाने सुरू होई. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाटकाचा सारा व्यवहार शेवटी ह्या एकाच प्रश्नावर उभा असतो.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्या चौकटीत हा नवा वर्ग बसवून पाहिला, तर साधनांचे बळ आणि मर्यादा दोन्ही स्वच्छ दिसतात. वाचिक अभिनय पडद्यावरून जातो, परंतु एकट्याचाच. दोन मुले एकदम बोलू लागली की संगणकाची गोंगाट गाळणारी यंत्रणा बहुधा एकाचा आवाज उचलते आणि दुसऱ्याचा दाबते. समूहगायनाचे तर बोलणेच नको. संभाषणाच्या दृष्टीने आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालतो, असे दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. बोलण्यापुरते हे ठीक. पण दहा मीटर लांबीच्या वर्गात एका कोपऱ्यातील आवाज दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला सुमारे तीस मिलिसेकंद लागतात, आणि वृंदाचा ताल ह्या सूक्ष्म मापावर उभा असतो. तेव्हा चाळीस मुलांनी एकसुरात कुरत्तीचे स्वागत करायचे ठरवले, तर प्रत्येकाला बाकीचे मागे पडलेले ऐकू येतात. एकत्र उच्चारलेल्या शब्दाचे बळ, ज्यावर शाळेतील भित्र्यातले भित्रे मूल तरून जाते, ते नेमके येथे नाहीसे होते. वृंदात लपण्याची सोय राहत नाही.

आंगिक अभिनयाची अवस्था त्याहून बिकट. कॅमेऱ्याच्या चौकटीत छातीपर्यंतचा देह मावतो. पाय हे अवयव नाट्यातून वगळले जातात. ज्या कुरत्तीची ओळखच तिच्या चालीने पटते, तिला बसून अभिनय करावा लागतो. ह्याउलट आहार्य अभिनयाची चंगळ होते. एका कळीसरशी मागे कुट्रालमचा धबधबा येतो, डोक्यावर मुकुट चढतो. मुलांना ही गंमत प्रिय असते आणि ती असावीही. परंतु कळ दाबून आलेला मुकुट डोक्याला जड होत नाही, त्यामुळे मान ताठ धरण्याची शिकवण तो देत नाही. पुठ्ठ्याचा वेडावाकडा मुकुट ती देतो.

सात्त्विक अभिनयाच्या ठिकाणी प्रश्न सर्वांत नाजूक होतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे म्हणून मुलगी पडद्यावरील मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहते, तेव्हा मैत्रिणीला ती खाली पाहताना दिसते. आपण तिच्याकडे पाहतो आहोत असे मैत्रिणीला वाटावे म्हणून कॅमेऱ्याकडे पाहावे, तर मैत्रीणच दिसत नाही. नजरेला नजर देणे आणि नजर पाहणे ह्या दोन क्रिया, ज्या माणसाच्या आयुष्यात कधी वेगळ्या नव्हत्या, त्या येथे वेगळ्या होतात. त्यातच कोपऱ्यातील एका लहान चौकोनात स्वतःचाच चेहरा सतत दिसत असतो. आरशासमोर तालीम करणाऱ्या नटाला स्तानिस्लाव्हस्कीने सावध केले आहे. कारण आरसा नटाला आतल्यापेक्षा बाहेरचे पाहायला शिकवतो. ह्या वर्गात प्रत्येक मूल तासभर आरशासमोर बसलेले असते.

एवढे म्हणून नव्या साधनांना निरोप देता आला असता, तर विवेचन सोपे झाले असते. परंतु अनुभव तितका सरळ नाही. शाळेच्या सभागृहात जे मूल शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे राहत असे, ते आपल्या घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात, कॅमेरा बंद ठेवून, केवळ आवाजाने कुरत्ती होऊ शकते. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला ह्याचे नवल वाटू नये. घरातील वस्तू पात्रांच्या कामी येतात. सुपाची ढाल होते, आजीची सुती साडी डोंगर होते, आणि खुद्द आजी, जिला शाळेच्या स्नेहसंमेलनाला मागच्या खुर्चीवर बसवले जाई, ती तालमीतील पहिली प्रेक्षक आणि पुष्कळदा पहिली दिग्दर्शिका होते. कुरत्ती दारावर येत असे ते दिवस तिने पाहिलेले असतात. पाठ्यपुस्तकाला ठाऊक नसलेली माहिती अशा वेळी वर्गात येते, आणि तिला वाट करून देणारे ते उपकरणच असते.

संहितेच्या बाबतीत तर नव्या साधनांचे ऋण मान्यच करावे लागते. १९९८ च्या पोंगलला स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट मदुरै’ने जुने तमिळ ग्रंथ संगणकावर सर्वांना खुले केले. ‘कुट्राल कुरवंजी’ त्यांत आहे. पूर्वी एखाद्या शिक्षिकेला ग्रंथालयात खेपा घालून उतरवून घ्यावी लागली असती ती संहिता आता चाळीस घरांत एकाच वेळी उघडते. सामायिक कागदावर सारी मुले एकदम लिहू शकतात. एकाने लिहिलेली ओळ दुसरा खोडतो, तिसरा तिच्यात स्वतःच्या बोलीतला शब्द घालतो. तमिळ, तेलुगू, हिंदी, उर्दू आणि क्वचित एखाद्या घरात तंजावरी मराठी, असे ह्या नगरीचे बहुभाषिक रूप त्या कागदावर उतरते. शहाजी राजांच्या ‘पंचभाषाविलास’ ह्या नाटकात पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदल्या होत्या. त्या दरबारी प्रयोगाचे हे बालरूप म्हणता येईल.

आणि भूगोल? २००५ साली आलेल्या गूगल अर्थने पृथ्वीचा गोल प्रत्येक पडद्यावर फिरता केला. घरात कोंडलेली मुले तो बोटाने फिरवीत तंजावरच्या देवळाच्या शिखरावर उतरू शकत होती, तेथून लंडनला आणि लिस्बनला जाऊ शकत होती. किल्ल्यात अडकलेल्या राजाने इंद्राणीला पृथ्वी दाखविली. घरात अडकलेल्या मुलांना तीच पृथ्वी त्यांच्या पडद्याने दाखविली. दोघांची कोंडी भिन्न कारणांची होती. तहान मात्र एकाच जातीची होती. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. फिरत्या गोलाकडे प्रत्येक मूल एकटे पाहत राहिले, तर तो भूगोलाचा तास झाला. त्यातील एकीने कुरत्ती होऊन ‘हे बघ, इथे मी गेले होते, इथली नदी अशी वाहते’ असे दुसरीला सांगितले आणि दुसरीने शंका विचारली, तर तेथे नाटक सुरू झाले. साधन तेच असते. त्याला पात्राच्या हाती द्यायचे की पात्राच्या जागी बसवायचे, एवढाच निर्णय शिक्षकाला करावयाचा असतो.

जुलै २०२० मध्ये हृषीकेश जोशी ह्यांनी ‘मोगरा’ हे मराठी नाटक कलावंतांना त्यांच्या त्यांच्या घरी ठेवून थेट प्रक्षेपित केले, तेव्हा रसिकांनी त्याचे कौतुक केले. त्या कलावंतांपाशी रंगमंचाची जुनी शिदोरी होती. समोर नसलेल्या प्रेक्षकाला त्या स्मृतीने समोर आणू शकत होत्या. अकरा वर्षांच्या मुलापाशी अशी स्मृती नसते. त्याला ती अद्याप मिळवायची असते. प्रौढांच्या रंगभूमीने साधलेला प्रयोग जसाच्या तसा शाळेला लागू पडत नाही, ह्याचे कारण हेच.

ह्या साऱ्या विवेचनाला एक गृहीतक चिकटलेले आहे, आणि ते सुखाचे नाही. पडदा असेल तरच पडद्याविषयी बोलता येते. ‘असर’ ह्या सर्वेक्षणाने ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी; परंतु उरलेल्या मुलांची संख्याही मोठीच. शहरातही घरात एक फोन आणि तीन भावंडे हे चित्र दुर्मीळ नव्हते. तो एक फोन आई-वडिलांपैकी कोणी कामावर घेऊन गेले की दिवसभर वर्ग नाही. तमिळनाडू शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘कल्वि’ ही शैक्षणिक दूरचित्रवाहिनी त्या दिवसांत अनेकांचा आधार झाली. पण दूरचित्रवाणी बोलते, ऐकत नाही. तिला ‘केक्कुदा?’ असे विचारता येत नाही. गणिताचा धडा एकतर्फी ऐकून काही अंशी तरी समजतो. नाट्याचा धडा एकतर्फी होऊच शकत नाही. त्यामुळे ज्या मुलाकडे उपकरण नव्हते त्याचे गणित मागे पडले, आणि नाटक तर बंदच झाले. पात्रांची वाटणी करताना शिक्षिकेने हजेरीच्या यादीवर बोट ठेवून एक नाव घ्यावे आणि त्या नावाचा चौकोन महिनोन्‌महिने पडद्यावर उमटूच नये, ह्याहून मोठी नाट्यहानी कोणती? सरफोजींच्या काळी छत्रातील मुलाला विद्येआधी अन्न मिळे. आजच्या शाळेला साधनाचा विचार अन्नासारखाच करावा लागेल: जे पंक्तीत सर्वांना वाढता येत नाही, त्याच्यावर शिक्षणाची सारी पंगत उभारू नये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडूने ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, ही योजना सुरू केली. तुटलेले शिक्षण जोडण्यासाठी स्वयंसेवक वस्त्यांवर जाऊ लागले, आणि ह्या योजनेची वार्ता पोचविण्यासाठी कलापथके गावोगाव हिंडली. एवढी उपकरणे हाताशी असताना शासनाला पुन्हा गाणारी, नाचणारी, रस्त्याने चालत येणारी माणसे लागली, ह्यात कुरत्तीचेच पुनरागमन आहे.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी पहिली ते आठवीचे वर्ग उघडले. कल्पिलेला तो सहावीचा वर्ग आता सातवीत गेला होता. मुले उंच झाली होती. चौकटीत पाय दिसत नसल्याने ती किती वाढली हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. तोंडावर मुखपट्ट्या होत्या. मुखज अभिनय झाकला गेला आणि इतके दिवस हरवलेले पाय परत आले, असा उलटा न्याय झाला. कुरवंजीचा प्रवेश अखेर जमिनीवर उभा राहून करायची वेळ आली. कुरत्ती चालत आली, डोंगराचे वर्णन झाले, मुलुखांची नावे झाली. ही नावे मुलांनी पडद्यावरच्या गोलावरून जमवलेली होती, सामायिक कागदावर घासूनपुसून घेतलेली होती. त्यांतील एकही वाया गेले नव्हते. मग हात पाहण्याची वेळ आली, आणि अंतर राखण्याचा नियम आठवून दोघी मुली थबकल्या.

अशा क्षणी शिक्षकाने काय करावे, हे कुठल्याही नाट्यशास्त्रात लिहिलेले नाही. दोन मुलींनी मध्ये एक साधे कापड धरावे, एकीने ह्या टोकाला आणि दुसरीने त्या टोकाला. आणि कुरत्तीने त्या ताणलेल्या कापडावरच्या सुरकुत्या हस्तरेषा म्हणून वाचाव्यात, हा एक मार्ग संभवतो. तेरुक्कूत्तुचा पडदा तेथे जसा हातांनी धरलेला असतो तसाच हाही. कापडाच्या एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या बोटांना जाणवतो. एकीने सैल सोडले की दुसरीला कळते. स्पर्श नसतानाही समोर कुणी आहे ह्याची खूण त्या धाग्यांतून पोचत राहते.

शाळेच्या नाट्यवर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाची परीक्षा ह्या कापडाने घ्यावी. एका टोकाला मूल आहे आणि दुसऱ्या टोकालाही मूल आहे ना, आणि एकाची ओढ दुसऱ्याला जाणवते ना, एवढेच पाहावे. जाणवत असेल तर ते साधन छापखान्याचे असो की विजेचे, ते रंगभूमीचेच आहे. तंजावरच्या किल्ल्यात बसून पृथ्वीचा नकाशा एका भटक्या स्त्रीच्या ओठी देणाऱ्या राजाला हे उमगले होते. आणि नियमांचे दिवस सरल्यावर कुठल्याशा तालमीत ते कापड कुणी तरी घडी घालून बाजूला ठेवील, कुरत्ती सहज पुढे होईल आणि समोरच्या मुलीचा हात आपल्या हातात घेईल, तेव्हा तो प्रवेश पुरा होईल.